माईकवाला ॲम्प्लिफायर

माझा जन्म डहाणूचाच, बाप मच्छीवाला, नवरापण बोटीवरचा, म्हणजे समुद्र काय सुटला नाय बघा. मी बोंबील सुकवते नि गंजाडच्या बाजाराला नेऊन विकते, आजपण विकते. आमचे हे बोटीवर इंजिन सांभाळायचे, अख्खं आयुष्य त्या धडधडीच्या बाजूला बसून काढलं, नि घरी बसले तेव्हा कान गेलेले. अगदी बहिरे नाय, आवाज यायचा पण शब्द कळायचा नाय. मी मीठ देऊ का विचारलं की हे बोलणार, कोण आलंय? मग मी ओरडायची, ओरडले की त्यांना वाटायचं ही भांडते, नि गप बसायचे. कानाचं मशीन आणलं, ते शिट्टी मारायचं, ते गेलं डब्यात. काय सांगू तुम्हाला, माणूस घरात नि घर सुनं. मला एकच भीती वाटायची, आता हे असेच गप गप राहून जातात की काय.

मुलगी आमची तलासरीला दिलेली, लग्न झालं दोन हजार पंधराला, त्याच्या पुढच्या वर्षी ती बोलली, आई, बाबांना भजनाची आवड, एक ॲम्प्लिफायर घे नि दोन स्पीकर, मोठ्याने ऐकतील तरी. बोंबलाचे पैसे मी बाजूला ठेवलेले, तेवढ्यातच बसवायचं होतं.

स्टेशनाजवळच्या दुकानात गेलो आम्ही दोघं. शेठ गुजराती, चांगला माणूस. त्याने आधी नवा लावला, लाल-निळ्या लायटी, रिमोट, नि धमधम अशी की माझी छातीच हलली. खोटं कशाला बोलू, लायटी बघून मी भुलले. यांना खुणेने विचारलं, कसा हाय? तर हे बोलले, इंजिन चालू हाय. नि पाठ करून बाहेरच्या रिक्षा बघत उभे राहिले.

शेठ हसला नाय. आतून एक जुना, दुरुस्त केलेला घेऊन आला, काळा, साधा, देवळात असतो तसला, नि तो स्वस्तपण. बोलला, मासी, हे बटण धमधम कमी करतं, नि हे ट्रेबल, बारीक आवाज वर काढतं, काकांना तोच ऐकू येत नाय. बटणं फिरवली नि माईक माझ्या हातात दिला, बोला काय तरी.

आता मी काय बोलणार? बाजारात गळा फाडते मी, पण माईक हातात आला नि तोंडाला कुलूप. नवऱ्याचं नाव तर आम्ही घेत नाय. मग रोज दुपारी जे बोलते तेच निघालं, हळूच.

अहो, जेवायला चला.

नि हे वळले. पाठ होती हो त्यांची माझ्याकडे, माझं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. वळून बोलले, आज कसलं कालवण केलंस?

मी तिथेच पायरीवर बसून रडले. शेठने पाणी दिलं, दोन जुने स्पीकरपण त्याच पैशात बसवून दिले. त्याचं दुकान भरलेलं राहू दे, मी रोज दिवा लावताना मागते.

तीन वर्षं झाली त्याला. भजनं लागतात, पण जास्त आमचंच चालतं, मी चुलीपाशी माईक घेऊन बसते नि हे खाटेवर. अख्ख्या आळीला समजतं आमच्याकडे काय शिजतंय, शेजारीण मस्करी करते, करू दे. परवा मी सवयीने मोठ्याने बोलले, तर हे बोलले, हळू बोल, मला ऐकू येतं.

मग मी हळू बोलले.