कुलूप लावलेली खोली

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरच्या गाडीसाठी रांग लागली होती. अकबरभाईच्या पुढंच सासू-सून उभ्या होत्या, आणि काल टॉकीजला बघितलेला भुताचा पिक्चर अजून दोघींच्या अंगातून उतरला नव्हता.

"आत्याबाई, तुमी तर मध्यंतरापतूर डोळंच उघडलं न्हाईत."

"डोळं झाकलं म्हणून काय झालं? कानानं समदं बघितलं. चूक त्या भाडेकरणीचीच! नव्या घरात दूध उतू घातलं न्हाय, दिवा लावला न्हाय, थेट गादी टाकून झोपली. मग भूत गप बसंल व्हय?"

"मला तर घरमालकाचाच राग आला. एका खोलीला कुलूप, आन आत काय हाय इचारलं तर नुसता हसतोय."

"व्हय की. भुतापरास त्योच वंगाळ."

"म्हणून म्हणते, आपुन सकाळी बघितलेलं घर नको."

"आगं, चांगलं हाय. त्या वहिदाबीनं च्या बी पाजला."

"पाजला की. पण कडंच्या दाराला कुलूप हुतं. आत काय हाय म्हटलं, तर बाई हसली!"

बायकोचं नाव कानावर पडलं आणि अकबरभाईला राहवेना. आधीच दोन भाडेकरी घर बघून गेले, ते पुन्हा फिरकलेच नव्हते.

"आक्का, त्यो घरमालक मीच. आवं, आत म्हशीची वैरण हाय, पार आढ्यापतूर. भुताला पाय ठिवायलाबी जागा न्हाय."

सासूनं वळून त्याला नीट न्याहाळलं.

"वैरण? म्हंजे उंदरं आसत्याल की!"

"बघा, आत्याबाई. त्यापरास भूत परवडलं."