पोस्टरवरचा मासा

...नाही, आधी मला सांगा, दुकानातला पोट साफ केलेला मासा छातीशी धरून, 'आत्ताच गळाला लागला' असं तोंड करून तुम्ही कधी हसलाय? मी हसलोय. दात काढून! आणि मासा आमच्या नदीतला नव्हता हो!

तुम्हाला सांगतो, विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात एकच कागद कारखाना. एकतीस वर्षं राबलो तिथं. घाण पाणी नदीत सोडणारे आम्हीच, आणि 'मासे खाऊ नयेत' ही पाटी वाचून हळहळणारेही आम्हीच! त्याआधी दर शुक्रवारी माझी बायको डोलोरेस नदीतला पिवळा पर्च मासा लोण्यात तळायची, वर लिंबू पिळायची... जाऊ दे. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. त्या वासाची अजून आठवण येते.

तर कारखान्याच्या सामाजिक जबाबदारी खात्यातली मॅकेन्झी आली. म्हणे, अहवालासाठी फोटो हवाय, तुम्ही, नदी आणि मासा, लोकांना विश्वास वाटतो. मी म्हटलं, पोरी, मासा कुठला? "मी आणलाय ना!" बर्फाचा डबा उघडून बघतो, तर कॉड! समुद्रातला! तुम्ही म्हणाल, नॉर्बर्ट, तिथंच नाही म्हणायचंस. कसं म्हणू? चाळीस वर्षांनी त्या काठावर हातात मासा घेऊन उभं राहायला मिळत होतं. धरला. डोळे भरून आले, तर फोटोवाला म्हणतो, छान, असंच ठेवा!

त्याच फोटोचं पोस्टर चौकात लागलं. 'आमची नदी, आमची माणसं.' शुक्रवारी बारमध्ये मासे खायला गेलो, तर कारखान्यात माझ्या पाळीला असलेला लेरॉय बिअर खाली ठेवून विचारतो, "काय रे नॉर्ब, अटलांटिकहून इथवर पोहत आला का?" अख्खा बार हसला. पेपरात आलं. कारखान्याची पार शोभा झाली, मोठमोठी गिऱ्हाइकं त्यांचा कागद घेईनात... का? तर मासा आमच्या नदीतला नव्हता! चाळीस वर्षं गाळ साचला, कुणाला लाज वाटली नाही, एका कॉडनं वाटली!

आता खरंच गाळ काढताहेत. परवा मॅकेन्झी सांगून गेली, "पंधरा वर्षांत मासे खाता येतील. पहिला तुम्हीच धरायचा." मी एक्क्याऐंशीचा. बरं म्हटलं. डोलोरेसचा तवा घासून ठेवलाय.

तोवर आपला दर शुक्रवारी बार. आणि तिथं ताटात काय येतं, माहितीये? कॉड.