तिनं पोरं पळवली

पांडुरंगा, तुझ्यासमोर उभं राहून बोलायचं आहे, तेव्हा ही जीभ तेवढी ताब्यात ठेव बाबा!

मंडळी, ऐका. आज आधी एक प्रश्न घालतो. खोटं बोलणारा पापी — हे काय, पहिलीतलं पोरही सांगेल. पण एखाद्यानं बातमी दिली. जशी कानावर आली तशी दिली. पदरचं अक्षर घातलं नाही! आणि त्या बातमीनं एका निरपराध बाईच्या जिवावर बेतलं — तर पाप कुणाच्या माथी? सांगणाऱ्याच्या? ऐकणाऱ्याच्या? की त्या शब्दाच्या?

हं, पुढची मंडळी म्हणतायत — शब्दाच्या! बरोबर आहे. शब्द बिचारा, त्याला ना वकील ना जामीन. घाला त्याच्याच गळ्यात!

'ध'चा 'मा' झाला की माणूस जातो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण आजच्या आख्यानात कुणी 'ध'चा 'मा' केला नाही हो! अक्षर तेच. काना तोच, मात्रा तीच. तरी घात झाला. कसा झाला? सांगतो.

हिवरदरा नावाचं एक मोठं गाव. बाजाराचं गाव, मागं टेकडी, टेकडीपलीकडं तलाव. तिथं राहायचे रमाकांत सोनटक्के. सगळा गाव त्यांना भाऊ म्हणायचा. भाऊंचे वडील तात्या, यांचं एक साप्ताहिक होतं. चार पानांचं. शाई हाताला लागायची असलं. तात्यांचा एक नेम होता. ज्याच्याविषयी बातमी, त्याच्या उंबऱ्यावर आधी जाऊन यायचं. तुमच्याविषयी असं असं ऐकलंय, खरं का? मग छापायचं. कुणी चहा द्यायचा, कुणी कुत्रं अंगावर सोडायचा! पण तात्या गेले म्हणजे गेलेच. एकदा तर मेलेल्या माणसाची बातमी आली, तात्या उंबऱ्यावर गेले, तर दार कुणी उघडलं? त्याच माणसानं! जावयानं घाई केली होती.

तात्या वारले. साप्ताहिक बंद पडलं. आणि भाऊंनी काय काढलं? मोबाइलवरची बातमी! 'हिवर-वार्ता'. घडलं की हजर! पंचवीस गावांत पसरली. आता मंडळी, ज्याला आठ दिवसांनी छापायचंय तो उंबऱ्यावर जातो. ज्याला शेजारच्या चॅनेलच्या आधी टाकायचीय, तो कुठला जातोय? उंबरा लांब आणि बोट जवळ! भाऊ वाईट होते का? अजिबात नाही. देवाला मानणारे, कुणाला फसवायचं नाही, फक्त मागं राहायचं नाही. बस्स, एवढंच. आणि मागं राहायचं नाही म्हणणारा माणूस पुढं कुठं जातोय हे बघत नाही.

तर एक दिवस सकाळी भाऊ चहा घेत होते. कपाळाला गंध, हातात फोन. तेवढ्यात ताराक्काचा आवाज फोनवर आला. ताराक्का म्हणजे वेशीजवळची म्हातारी. लिहिता येत नाही, म्हणून फोनमध्ये बोलून पाठवते. फार रागावलेली होती. "भाऊ, बातमी लावा. कोण कुठली बाई आलीय गावात, तिनं आमची पोरं पळवली. पार टेकडीपलीकडं नेली. आम्हाला विचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. मी माझ्या डोळ्यानं बघितलं. माझा नातूबी हाय त्यात."

भाऊंच्या हातातला कप तसाच राहिला. पोरं पळवली!

आता थांबा. तुम्ही काय समजलात? तेच ना, जे भाऊ समजले? अहो, पण आपल्या मराठीची गंमत बघा. खिल्लारी जोडी शर्यतीत मालकानं पळवली तर गुलाल! तीच जोडी चोरानं पळवली तर पोलीस! माझ्या लग्नात मेव्हणीनं माझे जोडे पळवले. म्हणून काय जोडे मैदानात धावले? शब्द एकच. अर्थ दोन. आणि दोन अर्थांच्या मधे केवढी दरी आहे, ते त्या दिवशी हिवरदऱ्याला कळलं.

झालं होतं काय? शाळेत नव्या बाई आल्या होत्या. खेळाच्या. प्रणाली कुळमेथे त्यांचं नाव. लांब, तिकडं चंद्रपूरकडच्या. स्वतः धावणाऱ्या. पोरांची तालुक्याची शर्यत आली होती, म्हणून बाईंनी पोरांना सकाळी उठवून टेकडीवरून पळवलं. म्हणजे पळायला लावलं! आणि ताराक्काचा राग कशावर? तर नातू उपाशीपोटी गेला. एवढंच! म्हातारीचं दुःख सगळं पोटाचं होतं हो.

पण भाऊंनी विचारलं का, अक्का, पळवली म्हणजे काय? नाही! शेजारचा चॅनेलवाला उठायच्या आत बातमी गेली पाहिजे. बोट चाललं. 'हिवरदऱ्यात अनोळखी महिलेने मुले पळवली. टेकडीपलीकडे नेल्याचे प्रत्यक्षदर्शींनी सांगितले.' खाली — सर्वांत आधी, फक्त हिवर-वार्ता.

बघा आता. यात खोटा शब्द कुठला? महिला अनोळखी? होती. पळवली? पळवली. टेकडीपलीकडं? हो. डोळ्यानं बघितलं? बघितलं! कोर्टात उभं केलं तरी भाऊ सुटतील. देवाच्या दारात सुटतील का, ते तुम्ही ठरवा.

बातमी गेली. फोन तापला. भाऊंच्या मनात भीतीही होती आणि — खरं सांगायचं तर — थोडं बरंही वाटत होतं. एवढे लोक बघतायत! मग त्यांना वाटलं, एका पालकाचं म्हणणं घालावं. त्यांनी ताराक्काला फोन लावला. "अक्का, नातवाची काही खबर?"

"हाय की शाळेत. आत्ताच डबा देऊन आले. एक चप्पल टेकडीवर टाकून आलंय येडं. रडत बसलं हुतं. म्हणून ती शाळंतली खेळाची बाई परत गेलीय चप्पल हुडकायला. बाई तशी मायाळू दिसती, पण पोरांना उपाशी पळवायचं म्हंजे काय?"

मंडळी, आता बघा. पोरं शाळेत. बाई एकटी टेकडीवर. आणि गाव? गाव कुठं होता? भाऊंनी खिडकीतून पाहिलं. मोटरसायकली टेकडीकडं चालल्या होत्या. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात लोखंडी गज. अहो, शाळा दोन हाकांवर! एकानं तरी शाळेत डोकावावं, माझं पोर आहे का वर्गात? नाही! आणि त्यात निम्मे तर शेजारच्या वाडीचे. त्यांची पोरं त्या शाळेत नव्हतीच! पण राग आला की माणूस दुसऱ्याच्या पोराचाही बाप होतो. एरवी स्वतःच्या पोराची इयत्ता विचारा त्याला!

भाऊंनी बातमी काढून टाकली. लगेच दुसरी टाकली. 'दुरुस्ती. मुले सुखरूप. महिला शाळेच्या शिक्षिका आहेत. कृपया टेकडीवर जाऊ नका.' आणि खाली लोकांचं येऊ लागलं. कुणी लिहिलं — भाऊ, कुणाचा फोन आला? कुणी लिहिलं — पाकीट पोचलं वाटतं. आणि एकानं लिहिलं — 'टँकरची बातमीपण अशीच काढली होती तुम्ही.'

ते मात्र भाऊंना झोंबलं. कारण ते खरं होतं! आदल्या उन्हाळ्यात टँकरच्या घाण पाण्याची बातमी त्यांनी दिली होती. पक्की बातमी. मग वरून एक फोन आला, आणि भाऊंनी लिहिलं — 'दुरुस्ती. सदर वृत्त चुकीचे.' खऱ्याला खोटं म्हटलं! लोकांनी तेव्हा काही म्हटलं नाही. पाणी गाळून प्यायले आणि गप्प बसले. पण लक्षात ठेवलं. आता खरोखरच्या खोट्याला खोटं म्हणायची वेळ आली, तर भाऊंच्या 'दुरुस्ती'ला कवडीची किंमत नव्हती. म्हणजे बघा, खोट्या बातमीवर गावानं विश्वास ठेवला, आणि खऱ्या दुरुस्तीवर नाही! विश्वास अशानं जातो मंडळी. जाताना आवाज करत नाही. नेमका लागेल तेव्हा खुंटीवर हात घालावा, तर खुंटी रिकामी!

भाऊंनी मुख्याध्यापकांना फोन लावला. उचलला नाही. पोलिसांना लावला. साहेब तालुक्याहून निघालेत, म्हणाले. मग भाऊंनी स्कूटर काढली. टेकडीकडं वळवणार, तेवढ्यात मनात आलं — मी जाऊन काय सांगणार? माझं कोण ऐकणार? आणि त्यांनी स्कूटर वळवली वेशीकडं. किती वर्षांनी त्या घरचा माणूस कुणाच्या उंबऱ्यावर गेला! "अक्का, बसा मागं. लवकर."

"आता गं बया. मी कशाला? मी काय केलं?"

"तुम्ही काही केलं नाही. मी केलंय. पण माझं आता कुणी खरं धरणार नाही अक्का. तुमचं धरतील."

म्हातारी पदर खोचून बसली. आयुष्यात पहिल्यांदा स्कूटरवर! वाटभर भाऊंच्या सदऱ्याला धरून म्हणत होती, "हळू, हळू." आणि भाऊ मनात म्हणत होते, पांडुरंगा, हळू नको. आज हळू नको. त्यांना एकच टोचत होतं — त्या बाईचा चेहरा त्यांनी पाहिलेलासुद्धा नव्हता. जिच्यावर एवढं लिहिलं, तिचा चेहरा ठाऊक नाही!

टेकडीवर पाण्याचं जुनं पंपघर आहे. त्याच्या भिंतीला पाठ लावून बाई उभ्या होत्या. भोवती माणसं. बाईंच्या हातात काय? त्या पोराची चप्पल! झाला की नाही पुरावा? "पोरगं कुठं लपवलंस ते बोल," एक जण म्हणत होता. बाई म्हणत होत्या, "मी शाळेतली मॅडम आहो जी. मुख्याध्यापकांले विचारा." आणि मागून कुणीतरी म्हणालं, "बोलणं बघा. आपल्याकडची न्हाई ही." अहो, ती मराठीच बोलत होती! फक्त तिच्या आईनं शिकवलेली मराठी.

भाऊ गर्दीत घुसले. "थांबा. बातमी चुकीची आहे. मीच लिहिली, मी सांगतो, ती चुकीची आहे." तर एका पोरगेल्या माणसानं फोन काढून त्यांच्याच तोंडापुढं धरला. त्यांचीच बातमी! काढून टाकली तरी याच्याकडं होती. "हे तुम्हीच लिहिलंय ना भाऊ? मग आता बाजूला व्हा." स्वतःचंच अक्षर साक्षीला उभं राहिलं, आणि तेही विरुद्ध बाजूनं!

आणि त्याच वेळी काठी बसली. बाईंच्या गुडघ्यावर. कुणी मारली, कुणाला दिसलं नाही. सगळे फोनमधून बघत होते ना! बाई खाली बसल्या. चप्पल मात्र सोडली नाही.

मग ताराक्का पुढं झाली. हाडं ती केवढी, पण आवाज? "मेल्यांनो, कुणाची पोरं पळवली म्हणता? मी सांगितलं भाऊला. मी! पळवली म्हंजे पळायला लावली. सगळी पोरं शाळंत बसल्यात. ही चप्पल माझ्या नातवाची हाय. दे गं बाई हिकडं." आणि म्हातारी त्या बाईंच्या शेजारी मातीत बसली, त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि रडायला लागली. म्हणाली, "माझ्या जिभेला आग लागो."

गर्दी कशी विरते पाहिलंय कधी? कुणी माफी मागत नाही. कुणाला गुरं आठवतात, कुणाला दूध घालायचं राहिलेलं आठवतं. फोन खिशात जातात. थोड्या वेळानं तिथं तिघंच उरली, आणि एक काठी, जी कुणाचीच नव्हती.

भाऊ दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले होते, चालता येईल, धावता येणार नाही. भाऊंनी हात जोडले. बाई एवढंच म्हणाल्या, "माझा नंबर शाळेच्या फळ्यावर लिहून होता. मले एक फोन काहून नाही केला तुम्ही?" मंडळी, याला उत्तर आहे का? भाऊंनी हिवर-वार्ता बंद केली. आता त्या गावात खरं काय झालं हे सांगणारा कुणी नाही, आणि टँकरवाला फार खूश आहे. हे त्याहून वाईट झालं!

आता तुम्ही म्हणाल, महाराज, हे पेपरवाल्यांना सांगा, आम्हाला कशाला? सांगतो कशाला. ती बातमी अजून फिरतेय. गेल्या आठवड्यात माझ्या फोनवर आली. बाईंचा फोटो, टेकडीवर गर्दीतल्या कुणीतरी काढलेला, भिंतीला पाठ लावलेला. खाली 'सावध राहा, मुलांना जपा.' फक्त एक बदल होता. हिवरदऱ्याच्या जागी गावाचं नाव दुसरं होतं. कुठलं? तुमचं!

आणि ती मला पाठवली कुणी? या मंडपात बसलेल्या एका सद्गृहस्थानं. नाव घेणार नाही. माळकरी आहेत. मनानं चांगले आहेत, काळजीपोटीच पाठवली, मला माहीत आहे. भाऊसुद्धा चांगलेच होते.

तुमचे मुख्याध्यापक आज मला भेटले. म्हणाले, सोमवारी शाळेवर नव्या बाई रुजू होतायत. परगावच्या आहेत, इथं ओळख कुणाची नाही. ऐकलंत? सोमवारी.

तेव्हा बुवा, मृदंग जरा खाली ठेवा. टाळकरी, थांबा. ते सद्गृहस्थ आता उठतील. ती बातमी ज्याला ज्याला पाठवली, त्याला फोन लावतील, आणि स्वतःच्या तोंडानं सांगतील — ती खोटी होती, मी न विचारता पाठवली. सगळ्यांदेखत नको असेल, तर बाहेर जाऊन करा. पण करा. गजर त्यानंतर.

मला घाई नाही. मी उभा आहे.