पाचवा माणूस

हेमचंद्र : मी त्या हवालदाराला सगळं नीट समजावून सांगितलं, कुशाबाकाका. म्हटलं, ही कुत्र्यांची शर्यत आहे. एक कुत्रं सुटतं, आडव्या फळ्यांवरून उड्या मारत त्या टोकाला जातं. तिथे आमचा माणूस चेंडू उडवतो. चेंडू तोंडात धरून कुत्रं परत आलं की दुसरं सुटतं. अशी चार. ज्या संघाची चारही आधी परत येतील तो जिंकला.

कुशाबा : मग? काय म्हनला?

हेमचंद्र : म्हणाला, "मला कुत्री मोजायला पाठवलेलं नाही. माणसं मोजायला पाठवलंय."

कुशाबा : बरोबर हाय की त्येचं! नोकरीच ती. आन् किती भरली मानसं?

हेमचंद्र : कुत्री धरणारे चौघं. लवू, कमलताई, दत्ताराम आणि मी. आणि चेंडू उडवणारे तुम्ही.

कुशाबा : पाच. जमावबंदीत पाचाचा जमाव हुतो.

हेमचंद्र : रविवारची शर्यत होणार आहे. शिवडीच्या गोदामाच्या आवारात, परवानगी मिळालीय. पण आत एका संघाची चारच माणसं. तशी अटच घातलीय.

कुशाबा : म्हंजे मुंबई महाराष्ट्राला मिळंस्तवर एकानं घरी बसायचं. कप्तान लवूनं कुनाला बसवलं?

हेमचंद्र : लवू म्हणतो... म्हणजे त्याचं म्हणणं असं की, धरणारा माणूस ज्याचा-त्याचा पाहिजेच. काल आम्ही कमलताईंच्या हातात दोन कुत्री देऊन पाहिली. दोघं एकमेकांच्या नरड्याला लागली. त्यांचं लुगडं फाटलं.

कुशाबा : कमलचं लुगडं फाटलं, म्हंजे लवूनं चांगल्या शिव्या खाल्ल्या असनार.

हेमचंद्र : खाल्ल्या. तर म्हणून तो म्हणतो...

कुशाबा : आरं, बीएस्सी झालास आन् येक वाक्य पुरं हुईना तुझं? माजं कुत्रं न्हाई, म्हनून मी बाहीर. आसंच ना?

हेमचंद्र : असंच.

कुशाबा : खोलीत आमची मानसंच आडवी-उभी निजत्यात. कुत्रं काय शिंक्यात टांगू? म्हनून तर चेंडू उडवायचं काम घेतलं मी. बरं, मग चेंडू कोन उडवनार? गनपती?

हेमचंद्र : हा कागद बघा. ही पेटी. पुढची पाटी तिरकी आहे. कुत्र्यानं तिच्यावर पाय मारला की आतली दांडी सुटते आणि चेंडू वर उडतो. मागे उतरती पन्हळ आहे. एक चेंडू गेला की दुसरा आपोआप जागेवर येतो. चारही आधीच भरून ठेवायचे.

कुशाबा : ह्यी दांडी... कापडाच्या साच्यावर सूत घिऊन धावनारा धोटा मारनारी दांडी आसती, तशीच की.

हेमचंद्र : तिथूनच सुचलं. गिरणीत तुमच्या खात्यात आलो होतो ना मी, तेव्हा बराच वेळ तेच बघत उभा होतो.

कुशाबा : हां, आठवतंय. आमचा मुकादम, जॉबर, बोंबलत हुता, ह्या पोराला बाजूला काडा, धोटा उडून डोळा जाईल म्हनून. आन् ही पेटी करनार कोन?

हेमचंद्र : रंधा, करवत तुमच्याकडे आहे. दांडी किती ताणली की धोटा किती लांब जातो, ते तुमच्या हाताला माहीत आहे. मी स्प्रिंगचं गणित केलंय, पण माझ्या हातून साधा खिळा सरळ बसत नाही.

कुशाबा : वा रं वा! मला काडायचं, आन् मला काडनारं यंत्र बी म्याच करायचं?

हेमचंद्र : काका, मी दोन दिवस इथे यायचं टाळत होतो.

कुशाबा : आरं, मालकानं दोन साच्यांवरनं चार साचे एका मानसाच्या गळ्यात घातले, तवा आमी गेटावर काय वरडत हुतो? यंत्र आना, पर मानूस काडू नका. चुली थंड पडल्या, तरी हटलो न्हाई. आन् आता तू यंत्र घिऊन आलास. मालकबी असाच कागूद दाखवायचा, हां. असाच गोड बोलायचा.

हेमचंद्र : मालकाला माणूस कमी करायचा होता. मला शर्यत बंद पडू द्यायची नाही.

कुशाबा : बाहीर बसनाऱ्याला त्यात काय फरक?

हेमचंद्र : काही नाही. खरं आहे.

कुशाबा : त्यो कागूद आन हिकडं. पेटी करतो मी. पर माजी येक अट हाय. पेटी यील, मानूस जानार न्हाई.

हेमचंद्र : पण आत चौघंच...

कुशाबा : चौघंच. पर सराव आसो का शर्यत, रोज त्येच चौघं कशाला? पाळी लावा. रोज एकानं बाहीर बसायचं. त्येचं कुत्रं मी धरनार. आन् माजी पाळी आली की मी बी बाहीर बसनार. काम कमी झालं तर समद्यांनी वाटून घ्यायचं. एकाच्याच पोटावर पाय न्हाई.

हेमचंद्र : हे मला सुचायला हवं होतं.

कुशाबा : तुला स्प्रिंग सुचली, बास की. ह्यो लवू आला बघ. ये, ये. वाघ्याला वर आनू नको म्हनलं तरी आनलासच.

लवू : कुत्रो हा तो, खाली ऱ्हवतलो काय एकटो? काय रे हेमचंद्र, सांगितलंस याला? झाला ना कबूल?

हेमचंद्र : कबूल झाले. पण पाळी लावायची. रोज एक जण बाहेर बसेल आणि त्याचं कुत्रं कुशाबाकाका धरतील.

लवू : खुळावलास काय! वाघ्या माझ्याशिवाय कुणाच्या हाकेला येत नाय. माझी बायको भाकरी घेऊन बोलावते, तरी जागचा हलत नाय.

कुशाबा : वाघ्या! ये. हिकडं ये.

लवू : वाघ्या! ए! बस तिथं! ...मेल्या, लाज वाटत नाय? त्याच्या मांडीवर?

कुशाबा : लाज कसली? त्या टोकाला रोज कुनाच्या हातचा चेंडू धरतोय त्यो? तू त्येला सोडतोस, लवू. त्यो येतो माझ्याकडं.

लवू : चारी कुत्री अशीच येतील?

कुशाबा : तीन तर येतील. हेमचंद्राची बिजली भित्री हाय. चेंडू धरती आन् तोंड फिरवती. तिचं मला ठावं न्हाई.

लवू : बरा. पण पहिलं बाहेर कोण बसणार? मी काय पहिला बसणार नाय.

कुशाबा : गिरनीचा नेम. संघात जो आधी आला त्येची पाळी आधी.

लवू : म्हणजे मीच पहिला! हलकट आहेस तू, कुशाबा.

कुशाबा : उद्या बुधवार. लवू. मग कमल, मग दत्ताराम, मग मी, मग...

हेमचंद्र : ठीक आहे. मी क्रम लिहून काढतो. फळी कुठली घ्यायची, काका? सागाची जड होईल.

(शनिवार संध्याकाळ. काळाचौकीच्या मैदानात लावलेल्या दोरीपाशी.)

लवू : बघितलंस ना, कुशाबा? एकदाही अडकली नाय पेटी. खाट्, की चेंडू वर. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून वाघ्या शेपूट घालून पळाला होता.

कुशाबा : आवाजाला त्येचा काय दोष? ह्या वर्साला लालबागात ज्येनं गोळीबार ऐकला, त्यो मानूस बी दचकतोय अजून. हळूहळू पाय टाकायला शिकवला त्येला.

लवू : शिकवलास, तेच म्हणतो. आता ऐक. उद्या शर्यतीला पाळी कुणाची, ते बघितलंस?

कुशाबा : आज माजी. उद्या... आरं तिच्या! हेमचंद्राची.

लवू : होय तर. आणि बिजलीला तू एकदाही सोडलेलं नाय. आपली शेवटची कुत्री ती. तिसरं परत यायच्या आधी ती दोरीपलीकडे गेली, तर सगळी धाव बाद. शिवडीवाले हसतील. हेमचंद्र, मी कप्तान म्हणून सांगतो. आजची आणि उद्याची पाळी बदला. कुशाबा उद्या बाहेर. तू आत.

कुशाबा : बरोबर बोलतोय लवू. मी बसतो की उद्या. पेटी चालली, तीन दिस कुत्री धरायला मिळाली. मला आनि काय पायजे?

हेमचंद्र : तुम्ही आज बाहेर बसलात ना?

कुशाबा : बसलो.

हेमचंद्र : मग झालं. उद्या माझी पाळी.

लवू : अरे, तिची शर्यत आहे उद्या! पेटी तुझ्या डोक्यातली, कुत्री तुझी. आणि तू दोरीच्या बाहेर उभा राहून टाळ्या वाजवणार?

हेमचंद्र : वाजवीन.

लवू : हरलो तर?

हेमचंद्र : हरलो तर पाचही जण हरू. कुशाबाकाका शर्यतीच्याच दिवशी बाहेर राहणार असतील, तर मंगळवारी आपण कबूल काय केलं होतं?

कुशाबा : पोरा, तुला मंगळवारीच ठावं हुतं? रविवारी तुजी पाळी येतीय म्हनून?

हेमचंद्र : क्रम तुम्ही सांगितलात तेव्हाच. दिवस मोजायला कितीसा वेळ लागतो?

कुशाबा : आन् गप बसलास.

हेमचंद्र : बोलून क्रम बदलला असता, काका. मग ती पाळी कसली?

लवू : मला नाय पटत. पण तुम्ही दोघं एक झालात तर मी काय करणार? कमलला सांगतो जाऊन. ती मला परत शिव्या घालील. चल रे वाघ्या. ...वाघ्या! मेल्या, त्याच्याकडे काय बघतंस, घराकडे चल!

कुशाबा : गेला रागानं.

हेमचंद्र : सकाळपर्यंत उतरेल राग. काका, अजून उजेड आहे. कमलताई, दत्ताराम गेले. मैदानात आपण दोघंच आहोत. बिजलीला घ्या.

कुशाबा : ही बघ, कशी आंग चोरती. ये बाय, ये. मी न्हाई खात तुला.

हेमचंद्र : पट्ट्याला धरू नका, छातीखाली हात ठेवा. हां, असा. आता आधीचं कुत्रं परत येतंय असं समजा. ती तुमच्याकडे बघणार नाही, पेटीकडेच बघेल.

कुशाबा : काळीज कसलं धडधडतंय हिचं! आन् सोडायचं कवा? चुकली तर समद्यांची धाव जानार, हेमचंद्रा. कसं कळायचं मला?

हेमचंद्र : सुटायच्या आधी तिचा डावा कान मागे जातो. इतके दिवस मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या कानावर नजर ठेवा.