यायच्या टाचेचा व्यायाम

आमच्या यायच्या, म्हंजे माया नवऱ्याच्या, टाचेचं तुमाले सांगितलंच नाही ना? पन्नाशीत यायले एकदम धावाचं सुचलं, तेही घासलेल्या जुन्या बुटात. आठ दिवसांत टाचेमागची शीर ठणकाले लागली. राजापेठेतले डॉक्टर म्हणाले, "शीर ताणली गेली आहे. सध्या धावणं बंद. पायरीवर उभं राहून टाचा उंच करायच्या, मग हळूहळू खाली सोडायच्या. सकाळ-संध्याकाळ, तीन महिने."

आमची पायरी नेमकी शेजारच्या भिंतीले लागून. यायचं डोकं भिंतीवर निघे, मंग गायब होये, मंग पुन्हा निघे. चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून म्हणे, "भाऊ, डोकावून काय पाहून राहिले? घरात या ना, चहा घ्या."

हे लाजून आत पळाले. मीच जाऊन वहिनीले डॉक्टरची चिठ्ठी दाखवली.

तीन महिन्यांत टाच बरी झाली. तरी परवा पाह्यलं तं हे पायरीवर, टाचा उंच करून.

म्या म्हटलं, "काहून हो? पुन्हा दुखून राहिलं का?"

"हळू बोल वं. वहिनीच्या पोरीले पाहाले पोरगा आला. अजून त्याचं तोंड नाही दिसलं."