क्रूसाभोवतीचं रान

माझं नाव फिलोमिना, गावात फिलूबाय म्हणतात. जन्म बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराईतला आणि लग्नही गावातच झालं, त्यामुळे माहेराहून सासरी जाताना फक्त एक बांध ओलांडला, आणि त्या बांधापलीकडचं भाताचं शेत माझं झालं. शेत लहानच, पण आगेऱ्याला, म्हणजे आमच्या नव्या भाताच्या सणाला, देवळात फादरच्या आशीर्वादासाठी न्यायच्या लोंब्या स्वतःच्याच शेतातल्या हव्यात, असा सासूबाईंचा दंडक होता; बाजारातून लोंब्या आणणं म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचा बाप्तिस्मा आपल्या नावावर करणं, असं त्या म्हणायच्या, आणि त्यांच्यामागे मीही तेच म्हणत आले.

मग लावणीला माणसं मिळेनाशी झाली, नवरा थकला, मुलगा रॉनी अंधेरीला नोकरीला लागला, आणि शेत पडीक राहिलं. पडीक जागा दिसली की कुणीही राडारोडा आणून टाकतो, म्हणून नवऱ्याने वाटेकडच्या कोपऱ्यात लाकडाचा क्रूस उभा केला, फादरला बोलावून त्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं आणि म्हणाला, फिलू, आता चिंता नाही. पुढच्या वर्षी तो गेला. काय सांगू तुम्हाला, चिंता तिथूनच सुरू झाली.

राडारोडा कुणी टाकला नाही, हे खरं, पण पाखरांना बसायला आयती जागा झाली. आधी कमरेएवढं गवत, मग टाकळा, मग घाणेरी. आणि कुठली कुठली फळं खाऊन बुलबुल यायचे, क्रूसावर बसायचे आणि जे करायचं ते तिथेच करायचे, त्यातून क्रूसाभोवती भोकर आलं, उंबर आला, शिवण आली. बांधावरच्या आंब्याखालीही तेच. उघड्यावर, जिथे पाखराला टेकायला काही नाही, तिथे मात्र अजून नुसतं गवत.

रॉनी म्हणतो, मम्मा, क्रूस काढून टाक ना, कटकट संपेल. काढून टाक म्हणे! पाणी शिंपडलेला, बापाच्या हातचा क्रूस, तो काय कपडे वाळवायची काठी आहे? बरं, झाडं तोडावीत, तर कचेरीतले साहेब म्हणाले, आंटी, परवानगी लागेल. मी म्हटलं, साहेब, लावताना पाखरांनी कुणाची घेतली होती? साहेब हसले, परवानगी काही दिली नाही. आणि सुट्टीच्या दिवशी फिरायला येणारी पोरं कुंपणापाशी फोटो काढत म्हणतात, काय झकास जंगल आहे, आंटी, सांभाळा हां. अरे, सांभाळते आहे ना, झोप उडाली सांभाळून!

गेली काही वर्षं आगेऱ्याला मी जाऊबाईंच्या, सेसिलच्या, शेतातल्या लोंब्या मागून नेल्या, आणि दर वेळी सासूबाईंचं ते बाप्तिस्म्याचं बोलणं कानात वाजायचं. यंदा मी हट्टाला पेटले. मधल्या उघड्या जागेतलं गवत काढलं, सेसिलला हाताशी घेऊन थोडी रोपं लावली, आणि भात आलं हो, चांगलं आलं. पण दाणा भरायला लागला तशी क्रूसाजवळच्या झाडीतून मुनियांची झुंडच्या झुंड उतरायला लागली. म्हणजे बुलबुलांनी झाडं लावायची आणि त्या झाडांत राहून मुनियांनी माझं भात खायचं, असा यांचा कारभार.

शेवटी घरातली मच्छरदाणी आणली आणि उरल्यासुरल्या भातावर चार काठ्या रोवून बांधली. सेसिल पोट धरधरून हसली, म्हणाली, फिलू, भाताला डास चावतात काय गं? हस बाई, म्हटलं, हस. त्या मच्छरदाणीत मूठभर लोंब्या वाचल्या, आणि आगेऱ्याला त्याच मी देवळात नेल्या, कुणाकडे न मागता.

आशीर्वादाच्या लोंब्यांतली एक जुडी शेतावर बांधायची आमच्याकडे रीत आहे, म्हणून घाणेरीतून वाट काढत गेले आणि ती क्रूसाला बांधली. मागे वळले नाही तोच बुलबुल येऊन वरच्या टोकाला बसला. दगड उचलला होता, पण क्रूसावर कसा मारणार? शेवटी म्हटलं, बस बाबा, देवानंच बसवलंय तुला, माझं काय चालणार. पण आता टाकणारच असशील, तर निदान जांभळाचं बी टाक, भोकरं पुष्कळ झाली.