साऱ्यांचा चंद्र

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, पावसाचा पत्ता नव्हता. मुरुडच्या एस.टी.त पुढच्या बाकावर कविसंमेलनाहून परतणारे दोन दोस्त बोलत होते.

“शेषेराव, तुझ्या हायकूला लई टाळ्या पडल्या.”

“तुमच्याच विहिरीवर लिव्हला, रतन. ‘गाव कोरडं; बौद्धवाड्याच्या विहिरीत साऱ्यांचा चंद्र.’”

“दोस्तांत ठरलंय ना, रोज दिसतं तेच लिव्हायचं?”

“मग? माझी माय रोज तुमचंच पाणी नेती.”

“हाव, नेती. अन् घरी गेल्यावर घागरीवर गोमूत्र शिंपडती. ते दिसलं न्हाई?”

“दिसतंय रे. पण हायकूत तीनच ओळी असत्यात. जागा कुठं हाय?”

“चंद्र काढ की. गोमूत्र बसतंय तिथं.”